यार्डात माणसं लावताना: जहाजबांधणीतली कंत्राटी भरती कशी सांभाळावी

"सोमवारपासून चाळीस वेल्डर पाठवा." यार्डाच्या प्रॉडक्शनकडून मागणी बहुधा अशीच येते, आणि या कामात नवीन असलेला माणूस लगेच फोन फिरवायला बसतो. तसं करू नका. आधी विचारा, जहाज कोणत्या टप्प्यावर आहे? प्लेट कुठली, किती जाडीची? वेल्डिंग रॉडचं आहे की फ्लक्स-कोअर वायरचं (मशीनमधून सलग येणाऱ्या तारेचं)? जोड उभा आहे, डोक्यावरचा आहे की पाइपचा? क्लास, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था, कोणती? पाळ्या किती? पैसे हजेरीवर मिळणार की टनावर? परांची, गॅस, रॉड आणि क्रेन कोण देणार? एवढी उत्तरं मिळाली की चाळीस वेल्डरांचा आकडा बहुतेक वेळा खाली येतो आणि उरलेल्या जागी फिटर, ग्राइंडर आणि रिगर (क्रेनने उचलायचं वजन बांधणारे) लागतात असं दिसतं.

मी डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मनुष्यबळाचं काम बघते. कामगार मला ताई म्हणतात, यार्डातले साहेब मॅडम म्हणतात. भरती नीट झाली की नाही हे मी माणूस काम संपवून गेटबाहेर पडतो तेव्हा ठरवते. हिशेब पुरा झाला, कागद हातात पडला, आणि पुढच्या मागणीला तोच माणूस परत आला, तर भरती नीट झाली. पुढचं सगळं याच एका कसोटीवर लिहिलं आहे.

जहाजाचा टप्पा ओळखा

प्लेट कापायची, तिचे पॅनल करायचे, पॅनलांचे ब्लॉक करायचे, ब्लॉक स्लिपवेवर (जहाज पाण्यात सोडायच्या उतारावर) किंवा ड्राय डॉकमध्ये आणून एकमेकांना जोडायचे. मग जलावतरण. त्यानंतर पाण्यात उभ्या असलेल्या जहाजावर केबल, इन्शुलेशन, एसी, फर्निचर, यंत्रांचं अलाइनमेंट, आणि शेवटी समुद्रातल्या चाचण्या. प्रत्येक टप्प्याचे हात वेगळे. सुरुवातीला गॅस कटर, स्ट्रक्चरल फॅब्रिकेटर, वेल्डर, चिपर-ग्राइंडर आणि रिगर लागतात. नंतर पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन, सुतार, इन्शुलेशनवाले, पेंटर. आता बरंचसं पायपिंग ब्लॉक जमिनीवर असतानाच होतं, त्यामुळे पाइप फिटर पूर्वीपेक्षा लवकर लागतात. जलावतरणाचे फोटो पेपरात येतात त्याच आठवड्यात कंत्राटदाराच्या ऑफिसात फॅब्रिकेटरांचे हिशेब चाललेले असतात. ती तारीख यार्डाकडून आधी मिळवा आणि भिंतीवर लावा.

एकाच गेटच्या आतही कामं किती निराळी असतात ते पाहा. १५ जानेवारी २०२५ ला 'सुरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट आणि 'वाघशीर' ही पाणबुडी मुंबईत एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. पण विनाशिकेच्या डेकवर चांगलं काम करणारा वेल्डर पाणबुडीच्या प्रेशर हलवर (पाण्याचा दाब झेलणाऱ्या कवचावर) तसाच चालेल असं धरून चालत नाही. तिथलं पोलाद वेगळं, तपासणी कडक आणि जागा अडचणीची.

इथेच आणखी एक फरक सांगते, कारण चौकशीला येणारी मुलं यात फसतात. यार्डात जहाज बांधणारा कामगार आणि जहाजावर खलाशी म्हणून जाणारा माणूस या दोन वेगळ्या भरत्या आहेत. खलाशी पाठवायचे तर नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना लागतो आणि मुलाकडे सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) असावी लागते. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. आखातातल्या यार्डात वेल्डर पाठवायचे तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेला भरती एजंट लागतो आणि काम ई-मायग्रेट पोर्टलवरून होतं. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर त्या मुलाला स्पष्ट सांगा आणि योग्य ठिकाणी पाठवा.

माणसं कुठून येतात

लवजी वाडिया १७३०च्या दशकात सुरतेहून मुंबईत जहाज बांधायला आले ते सोबत आपले सुतार घेऊनच. आजही पद्धत तीच आहे. चांगली माणसं एकेकटी येत नाहीत, मुकादमाबरोबर टोळीने येतात. टोळीत फिटरला वेल्डरचा हात माहीत असतो, रिगरला फिटरचा इशारा कळतो. म्हणून शक्यतो टोळी फोडू नका. पण टोळीतल्या प्रत्येकाशी, मुकादम नसताना, पाच मिनिटं स्वतः बोला. मी तीन गोष्टी विचारते: तुला रोज (दिवसाचा पगार) किती सांगितलाय, कामावर लावायचे कुणाला पैसे दिलेत का, आणि राहायची सोय कुठे आहे. गेटपास करून देतो म्हणून कामगाराकडून पैसे घेणारा मुकादम मी ठेवत नाही, मग त्याची माणसं कितीही तयारीची असोत. कर्ज काढून कामावर आलेला माणूस ताप लपवतो, चक्कर लपवतो, आणि नाही म्हणायला हवं त्या टाकीत उतरतो.

दारूखाना आणि रे रोड या भागात गॅस कटर भरपूर मिळतात. तिथे जहाजं तोडली जातात, त्यामुळे हात जलद चालतो. मात्र तोडायला कापणं आणि जोडायला कापणं यात फरक आहे. जोडायची कड सरळ हवी, बेव्हल (कडेचा तिरका उतार) बरोबर हवा, खाचा नकोत. अशा कटरांना कमी लेखू नका. चांगल्या फिटरच्या हाताखाली काही दिवस द्या, बरेच जण तयार होतात.

ट्रेड टेस्ट

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

वेल्डर काय येतं ते सांगतो, पण प्लेटवर उभा जोड म्हणजे थ्री-जी, डोक्यावरचा फोर-जी आणि ४५ अंशांत तिरक्या बसवलेल्या पाइपचा सिक्स-जी, यांतलं काय जमतं ते कूपनवरच, म्हणजे चाचणीच्या तुकड्यावरच, दिसतं. वेल्डिंगचा चाप (आर्क) पेटण्याआधी त्याच्याकडे बघा. जोडाची कड घासली का, गॅप मोजला का, करंट आधी रद्दी तुकड्यावर तपासला का, लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमधून काढला की कुठल्यातरी उघड्या पुड्यातून. ओल शोषलेल्या रॉडमुळे जोडात हायड्रोजन जातो आणि तडा नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, येतो. मग रूट रन (जोडाचा पहिला, तळाचा थर) पाहा, अंडरकट (कडेला पडलेली खाच) पाहा, पोरॉसिटी (वायूची छिद्रं) पाहा. डोळ्यांना पटलं तरच कूपन बेंड टेस्टला (वाकवून बघायला) किंवा रेडिओग्राफीला (एक्स-रेला) पाठवा, कारण त्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

टेस्ट देणारा आणि कामावर येणारा माणूस एकच आहे याची खात्री करा. चांगला वेल्डर दुसऱ्याच्या नावावर टेस्ट देऊन जातो, हे होतं. आधार कार्ड समोर ठेवा, कूपनवर त्याच्या देखत नंबर पंच करा, कूपन हातात धरलेला त्याचा फोटो काढा. क्लासच्या सर्व्हेअरसमोर टेस्ट असेल तर ही तयारी आणखी महत्त्वाची. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आपल्या पवईचंच आहे. काही जहाजांना लॉईड्स किंवा डीएनव्हीचा क्लास असतो. कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र चालेल हे यार्डाच्या क्वालिटी विभागाकडून लेखी घ्या. आणि एक तारीख कधी विसरू नका: वेल्डरने त्या प्रक्रियेत सलग सहा महिने काम केलं नाही तर पात्रता सहसा बाद धरली जाते. दर सहा महिन्यांनी त्याच्या नोंदीवर सही झाली पाहिजे. माझ्याकडे प्रत्येक वेल्डरच्या नावापुढे तो रकाना आहे.

फॅब्रिकेटरच्या हातात ड्रॉइंग द्या आणि फ्रेम नंबर (जहाजाच्या फासळीचा क्रमांक) शोधायला सांगा. पोर्ट (डावी बाजू) कुठे, स्टारबोर्ड (उजवी) कुठे, जोडाची खूण काय सांगते, हे वाचता आलं तर पुढचं शिकवता येतं. रिगरला मी एकच प्रश्न विचारते: दोन पायांची स्लिंग आडव्या रेषेशी ३० अंशांवर आली तर एका पायावर किती ताण? उत्तर आहे, पूर्ण वजनाइतका. 'अर्धा' म्हणणाऱ्याला क्रेनच्या हुकाखाली उभं करू नका, आधी शिकवा. ब्लास्टर-पेंटरला विचारा, एसए अडीच (ब्लास्टिंगच्या सफाईचा एक दर्जा) म्हणजे पत्रा कसा दिसायला हवा.

गेटपास आणि डॉक्टर

नौदलाचं काम असलेल्या यार्डात पोलीस पडताळणी झाल्याशिवाय पास मिळत नाही, आणि पोलिसांच्या कामाचा वेग तुमच्या हातात नसतो. आधारवरचं नाव, बँक पासबुकावरचं नाव आणि यूएएनवरचं (पीएफच्या क्रमांकावरचं) नाव एकसारखं आहे का हे पहिल्याच दिवशी जुळवा. एका अक्षराच्या फरकाने पास अडकतो, पुढे पीएफही अडकतो. मागणीपेक्षा काही माणसं नेहमी जास्त प्रक्रियेत ठेवा आणि त्यांना खरं सांगा: "पास आला की बोलावीन, तोवर हातचं काम सोडू नकोस." पास यायच्या आधी गावाहून बोलावून मुंबईत बिनपगारी बसवून ठेवणं हा अन्याय आहे.

वैद्यकीय तपासणी कामाप्रमाणे करून घ्या. उंचीवर चढणाऱ्याचा रक्तदाब, चक्कर, फिट येण्याचा इतिहास. ब्लास्टर आणि पेंटरची फुफ्फुसं. क्रेनवाल्याची नजर, इलेक्ट्रिशियनला रंग ओळखता येतात का. ग्राइंडरची श्रवण चाचणी सुरुवातीलाच करून ठेवा, म्हणजे पुढे कान बिघडला तर कळेल तरी. नव्या कामगार संहितेनुसार चाळिशीच्या पुढच्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करावी लागते.

कागद, विमा आणि पैसा

१९७०चा कंत्राटी कामगार कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहितेत सामावला आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर परवाना हवा. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, पण ठरावीक मुदतीत उरकायचं काम अचानक वाढलं तर आणि इतर काही बाबतींत सूट आहे. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये कामाचं वर्णन आणि मुदत कशी लिहिली आहे ते वकिलाला दाखवून घ्या. देखरेख तुमच्याच सुपरवायझरची असली पाहिजे. यार्डाचा फोरमन थेट तुमच्या माणसांना हुकूम देऊ लागला की कंत्राट नावापुरतं उरतं.

यार्ड केंद्र सरकारच्या मालकीचं आहे की खाजगी, यावर बरंच अवलंबून आहे. केंद्राचं असेल तर तुमचा संबंध सायनच्या श्रम रक्षा भवनाशी, खाजगी असेल तर राज्याच्या कामगार खात्याशी. किमान वेतनाचे दरही त्याप्रमाणे बदलतात. केंद्राचा महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुधारतो, राज्याचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये. वर्षभराचा दर देताना या वाढी धरलेल्या नसतील तर वर्षाच्या मध्यात तोट्यात जाल, आणि तो तोटा शेवटी कुणाच्यातरी पगारातून काढला जातो.

ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. चांगला सिक्स-जी वेल्डर ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम करणारा माणूस ईएसआयच्या बाहेर असतो. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी घेतलीच पाहिजे, आणि तो कामावर चढण्याआधी घेतली पाहिजे. मध्येच पगार वाढून मर्यादा ओलांडली तर एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा जो कालावधी चालू असेल तो संपेपर्यंत ईएसआय चालू राहतो. पॉलिसीची तारीख त्याला जोडून घ्या, मध्ये एक दिवसही मोकळा जाऊ देऊ नका.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, बँकेत. पीएफ आणि ईएसआय पंधरा तारखेच्या आत. यार्डाचं बिल मात्र मोजमाप, सह्या, हिशेब तपासणी असं फिरत राहतं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात बिल चुकवायला ४५ दिवसांची मर्यादा आहे, तरी मी तीन महिन्यांचा पगार हाताशी असल्याशिवाय मोठी टोळी लावू नका असंच सांगते. बिल निघालं नाही ही कामगाराला सांगायची सबब नाही. कंत्राटदाराने पगार थकवला तर यार्डाला तो द्यावा लागतो, आणि त्यानंतर त्या कंत्राटदाराला तिथे काम मिळणं कठीण होतं.

उचल द्यावीच लागते. घरी पैसे पाठवायचे असतात, खोलीचं डिपॉझिट असतं. प्रत्येक उचलीची सही घ्या, हप्ता आधी ठरवा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

वर्षाचं वेळापत्रक

गणपतीला कोकणातली माणसं जाणार, होळी आणि छटला उत्तर प्रदेश-बिहारची, पूजेला बंगालची, ईदला आणखी काही जण, आणि वैशाखात लग्नं सगळ्यांकडेच. हे थांबवता येत नाही, थांबवूही नये. दोन महिने आधी विचारून ठेवा, टोळीतले अर्धे आधी आणि अर्धे नंतर जातील असं बसवा, आणि यार्डाला लेखी कळवा. परतीचं तिकीट काढलेलं बघून मगच सुट्टी मांडा.

पावसाळ्यात पेंटिंगचं काम अडतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर नसलं, तर रंग लावू देत नाहीत. जून ते सप्टेंबर बाहेरच्या हलसाठी (जहाजाच्या कवचासाठी) मोठी पेंटर टोळी धरून ठेवू नका. त्यांना बंद टाक्यांत, जिथे हवा कोरडी ठेवता येते तिथे काम आहे का विचारा.

दुसरी पाळी उशिरा सुटत असेल तर हार्बरची शेवटची लोकल मिळते का, हेही भरतीचंच काम. गोवंडी-मानखुर्दला राहणारा माणूस प्लॅटफॉर्मवर झोपून सकाळी परत परांचीवर चढत असेल तर तो पडेल.

टाकीत उतरण्याआधी

सुरक्षा विभाग यार्डाचा असतो, पण माणूस आपण पाठवलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी मी माझ्या माणसांना हे स्वतः सांगते, कुणी कितीही घाई करो.

डबल बॉटमची (जहाजाच्या दुहेरी तळातली) किंवा कुठलीही बंद टाकी तिथे आग नसली, वास नसला तरी मारू शकते. लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खातं. टिग वेल्डिंगमधला आर्गॉन वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साठतो आणि त्याला वास नाही. आत ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के आहे, ज्वलनशील वायू नाही, हे मीटरवर पाहून परमिट मिळाल्यावरच उतरायचं. मॅनहोलपाशी एक माणूस कायम उभा हवा आणि त्याला दुसरं काम द्यायचं नाही. आतला दिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. जेवणाच्या सुट्टीत गॅसचे होज टाकीतून बाहेर ओढायचे. आत राहिलेला होज गळला आणि ऑक्सिजन वाढला, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या ठिणगीला अंगावरचे कपडे पेटतात. आणि आत कुणी कोसळलेला दिसला तर त्याच्यामागे धावत उतरायचं नाही. आधी ओरडायचं, श्वसनयंत्र घातलेल्या बचाव पथकाला बोलवायचं. बंद जागेतल्या अपघातांत वाचवायला उतरलेले जीव गमावतात ते याच घाईपायी.

हे ऐकून एखादा माणूस म्हणाला की मला टाकीत जमणार नाही, तर त्याला दुसरं काम द्या. त्याची हजेरी कापू नका.

सोडताना

काम संपत आलं की निदान पंधरा दिवस आधी टोळीला सांगा. यार्डाने तुम्हाला उशिरा कळवलं तरी ड्रॉइंगवरून, उरलेल्या ब्लॉकवरून अंदाज येतो. गेटपास, हेल्मेट, हार्नेस, अवजारं जमा करून घ्या आणि कामावरून कमी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब द्या: उरलेला पगार, ओव्हरटाइम दुप्पट दराने, रजेचे पैसे, बोनसचा हिस्सा. ठरावीक मुदतीवर नेमलेला असेल आणि वर्ष भरलं असेल तर ग्रॅच्युइटीही. पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख त्याच आठवड्यात टाका. ती राहिली तर त्याचे पैसे काढणं, खातं हलवणं, सगळं अडतं, आणि तो बिचारा कुठल्या राज्यातून तुम्हाला फोन करत राहतो.

अनुभवाचं पत्र न मागता द्या. 'कामगार म्हणून काम केले' एवढं लिहून उपयोग नाही. ट्रेड, जहाजाचा प्रकार, वेल्डिंगची प्रक्रिया आणि पोझिशन, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं लिहा. वेल्डरला त्याच्या पात्रता नोंदीची प्रत द्या. माझगाव डॉकची स्वतःची ठरावीक मुदतीची भरती निघते तेव्हा बऱ्याच ट्रेडना अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि जहाजबांधणीचा अनुभव मागतात. तुमच्या पत्रावर एखाद्याची चांगली नोकरी ठरू शकते. माझे हातखंडे वेल्डर त्या भरतीत गेले आहेत. त्यांच्या जागी माणसं शोधायला मला त्रास झाला, तरी जाहिरात आली की मी ती ऑफिसच्या दारावर आजही लावते.

शेवटच्या दिवशी माझ्या वहीत प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहून घेते: गावाकडचा नंबर, पुन्हा कधी मोकळा, कुठल्या पोझिशनमध्ये हात चांगला, आणि कोणाबरोबर टोळीत बसतो. ज्यांना लगेच काम हवं असेल त्यांच्यासाठी त्याच दुपारी दुसऱ्या कंत्राटदारांना फोन करते, रेट कमी सांगत असतील तर भांडते, आणि ठरलेला रोज त्या माणसाला स्वतः सांगून मगच वही बंद करते.